दिवा बंद, बटण चालू

रविवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास जेसल पार्कमधल्या नवरत्न को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटीत, झेंडूच्या माळा लावलेला एक लाकडी पाळणा सातव्या मजल्यावरून निघाला आणि जिन्यावरून वाहणाऱ्या पाण्यात घसरत, तरंगत, प्रत्येक वळणावर जरा विचार करत तिसऱ्या मजल्यावर पोचला. पाळण्यात बाळ नव्हतं. बाळ आत्याच्या कडेवर होतं आणि हसत होतं.

असं काहीही घडलेलं नाही. कार्यकारिणीने तसा ठराव सोमवारी एकमताने मंजूर केलेला आहे, आणि ठरावाविरुद्ध घडण्याची पद्धत आमच्या सोसायटीत नाही. तेव्हा जे घडलंच नाही ते कसं घडलं, एवढंच इथे सांगतो.

आमच्या इमारतीला सात मजले आहेत. टाकी गच्चीवर, पंप तळमजल्यावर. टाकी रिकामी झालीय की भरलीय हे पंपाला कळवावं लागतं, आणि हा निरोप एकोणीस वर्षं सातव्या मजल्यावरच्या हंसाबेन पोचवत होत्या. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून जातो. पाइपातून पाणी पडलं की हंसाबेन रोटली लाटता लाटता ओरडायच्या, "महिपत, बंद कर." नळ कोरडा खाकरला की, "महिपत, चालू कर." खाली वॉचमन महिपत बटण दाबायचा. या यंत्रणेला पासवर्ड नव्हता, ती कधी हँग झाली नाही, आणि हंसाबेन पालिताण्याच्या यात्रेला गेल्या की त्यांची सून ओरडायची.

मग आमचे सेक्रेटरी पंढरीनाथ सामंत भाच्याकडे ठाण्याला जाऊन आले. भाच्याच्या सोसायटीत टाकी स्वतः पंपाशी बोलते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सभा बोलावली. गणपूर्ती नव्हती म्हणून सभा नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच पाच माणसांत, त्याच खुर्च्यांवर, गणपूर्तीची गरज नसलेली सभा म्हणून पुन्हा भरली.

"आपल्याकडे पाण्याचा निरोप अजून तोंडाने जातो," सामंतकाका म्हणाले. "बाहेर सांगायची लाज वाटते."

टाकी स्मार्ट करायचं ठरलं. तांत्रिक सदस्य म्हणून माझी नेमणूक झाली, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे. मी त्यावर फक्त सिरियल बघतो, असं मी सभेत सांगितलं होतं. इतिवृत्तात ते "दीर्घ अनुभव" असं आलं.

नया नगरजवळ दुकान असलेला जितेंद्र नावाचा माणूस यंत्रणा बसवायला आला. त्याने खिशातून काडेपेटीएवढा सेन्सर काढला.

"देखो काका, हा टाकीत बसणार. पण छोटा आहे, तर आवाज पण छोटा. सात स्लॅब फोडून पंपापर्यंत नाय पोचणार."

"मग?"

"मग हर मजल्यावर एक स्मार्ट बल्ब. सेन्सर सातव्याला सांगणार, सातवा सहाव्याला, सहावा पाचव्याला, असं करत करत पंपाजवळच्या यंत्राला. ते बोललं की वॉचमन बटण दाबणार. सगळं हवेतून. वायर नाय, काय नाय."

"म्हणजे याने त्याच्या कानाला लागायचं," सामंतकाका म्हणाले. "हे तर आपल्याकडे आधीपासून आहे."

"तेच ना काका. फक्त हे आपल्या मनाचं जोडत नाय."

पॅसेजमध्ये दिवसाढवळ्या बल्बला वीज देणं सोसायटीच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून प्रत्येक मजल्यावरच्या एका घराची निवड होऊन बल्ब त्यांच्या हॉलमध्ये लावण्यात आला. जाताना जितेंद्रने एकच अट सांगितली. "बल्ब मोबाइलवरून बंद करा, पण भिंतीवरचं बटण चालूच राहायला पायजे. बटण बंद, तर बल्ब मेला. मेलेला माणूस निरोप नाय देत."

"दिवा बंद, बटण चालू," सामंतकाकांनी वहीत लिहून घेतलं. "एवढंच ना?"

एवढंच होतं.

आता आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करणं ही काही सवय नाही. तो शरीराचा भाग आहे. मूल चालायला लागायच्या आधी त्याला कडेवर घेऊन बटणापर्यंत नेतात आणि त्याचं इवलंसं बोट धरून ते दाबायला शिकवतात. पुढे त्याला शिक्षण मिळो न मिळो, एवढं मिळालेलं असतं. ही बाब जितेंद्रच्या माहितीपुस्तकात नव्हती. ते पुस्तक दुसऱ्या कुठल्यातरी देशात लिहिलेलं होतं.

पहिल्याच दिवशी टाकीने 'पाणी संपत आलं' असा निरोप दिला. सातव्याने सहाव्याला दिला, सहाव्याने पाचव्याला. चौथ्या मजल्यावर परशुरामतात्या पाटील राहतात. ही इमारत ज्या भातशेतीवर उभी आहे ती त्यांची. पाचव्याने हाक मारली तेव्हा तात्यांच्या हॉलमधला बल्ब मेलेला होता. सामंतकाका आणि मी चौकशीला गेलो.

"तात्या, तुम्ही बटण बंद केलंत."

"केला. खोलीन मानूस न्हाय, तं दिवा कशाला?"

"दिवा बंदच होता."

"दिवा बंद हाय, तं बटन चालू कशाला?"

सामंतकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. "बटण चालू असलं की त्याला ऐकू येतं, तात्या," मी म्हणालो.

"माजे घरान बसून तो आयकतो?"

"फक्त टाकीचं ऐकतो."

"मंग बंदच बरा," तात्या म्हणाले. "बस रं, च्या घे."

या सगळ्याचा फटका बसला तो सातव्या मजल्यावरच्या निशिगंधाला. तिची मुलगी दोन महिन्यांची झाली होती आणि तिला नाव नव्हतं. नाव ठरलेलं होतं, पण बारशाशिवाय उच्चारायचं नाही असं तिच्या सासरी आहे. बारसं दोनदा ठरलं आणि दोनदा पाण्यावाचून पुढे गेलं. एकदा निरोप तात्यांकडे अडला, एकदा दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे खुद्द सामंतकाकांकडे. आता तिची नणंद सांगलीहून तिसऱ्यांदा येणार होती, आणि चौथ्यांदा येणार नाही असं तिने कळवलं होतं.

"काका, माझ्या मुलीला सगळे 'ए' म्हणतात," निशिगंधा म्हणाली. "ती आता 'ए' म्हटलं की बघते. रविवारी साठ माणसं यायची आहेत. मला फक्त पाणी द्या. हंसाबेनना ओरडू दे ना एक दिवस."

"ते शक्य नाही. त्यांच्या ओरडण्याची प्रणालीत नोंद होत नाही."

हंसाबेनना तोपर्यंत नोटीस गेलीच होती. 'आपण विनापरवाना निरोप देत असल्याचे निदर्शनास आले आहे.' त्या नोटीस घेऊन आल्या.

"सामंतभाई, पाइपमधून पाणी पडेल ते मला दिसणार. मग मी काय करू?"

"ग्रुपवर टाका."

"ग्रुपवर तर फक्त तुम्हीच लिहू शकता."

"मग लेखी द्या."

रविवारपर्यंत पाच दिवस होते आणि सोसायटीने शर्थ केली. प्रत्येक बल्बच्या बटणावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावली. चिठ्ठी वाचायला माणसं बटणाजवळ जायची आणि जवळ गेलोच आहोत म्हणून बंद करायची. मग बटणावर चिकटपट्टी लावली. लोक चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवायचे, बटण बंद करायचे आणि पट्टी होती तशी पुन्हा चिकटवायचे, कारण सोसायटीच्या मालमत्तेचं नुकसान कोणाला करायचं नव्हतं.

शेवटी तोडगा तात्यांच्याच बोलण्यातून निघाला. खोलीत माणूस असेल तर बटण चालू ठेवायला तात्यांची हरकत नव्हती. म्हणून सात मजल्यांवरच्या सात हॉलमध्ये सात माणसं बसवायचं ठरलं. पदनाम 'बटण सान्निध्य अधिकारी'. तात्यांच्या बल्बखाली मी. आणि पंपाजवळ बसणाऱ्या महिपतला सामंतकाकांनी जातीने बजावलं, "डोळ्यांना काय दिसतं ते मानायचं नाही. कोणी काही सांगितलं तरी ऐकायचं नाही. यंत्रावर निरोप आला तरच हात लावायचा."

"आलाच न्हाई तर?"

"तर तसं काही झालेलंच नाही असं समजायचं."

रविवारी नऊ वाजता आम्ही सातही जण जागेवर बसलो. साडेनऊला टाकी रिकामी झाली. माझ्या डोक्यावरच्या बल्बने काहीही केलं नाही, पण मिनिटभरात खालून पंपाची घरघर ऐकू आली. निरोप सात घरांतून, बारा भांडणांतून आणि एका घटस्फोटाच्या खटल्यातून सुखरूप खाली पोचला होता. तात्यांनी मला सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी दिली. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण कशाचातरी दुवा आहोत.

टाकी भरायला तास लागतो. भरली की पंप बंद करायचा निरोप याच वाटेने खाली यायचा होता. आणि साडेदहाला निशिगंधाने प्रत्येक मजल्यावर माणूस पाठवला. नाव ठेवतायत, सगळ्यांनी वर या. तुमच्यामुळे पाणी आलं, तुमच्याशिवाय नाव ठेवणार नाही.

कोण नाही म्हणेल. मी उठलो, तात्या उठले, आम्ही लिफ्टमध्ये शिरलो.

"शिकला एकदाचा," तात्या प्रेमाने म्हणाले.

"काय?"

तात्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. तर्जनीला नुकतंच काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. वर पोचल्यावर मी इतर सहा अधिकाऱ्यांना विचारलं. सहाही जणांनी आपापल्या तर्जनीकडे पाहिलं आणि विषय बदलला.

तेवढ्यात आत्या पाळण्यावर वाकली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बाळाने लगेच मान वळवली. त्या दिवशी पहिल्याच फेरीत पोचलेला हा दुसरा निरोप.

गच्चीवर टाकी भरून वाहायला लागली होती. स्मार्ट टाकी भरून वाहतच नाही, या गृहीतावर ओव्हरफ्लोचा पाइप निम्मा बुजवलेला होता. उरलेलं पाणी गच्चीवर साचलं आणि दारातून जिन्यात आलं. हंसाबेनना पाइपाचा आवाज ऐकू आला. त्यांनी हात वर केला. सामंतकाका घुगऱ्या खात होते.

"लेखी," ते म्हणाले.

हंसाबेननी आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहायला घेतलं. पाणी उंबऱ्यावरून आत आलं. बाळाला आत्याने उचललं, साठ माणसांनी चपला उचलल्या. रिकामा पाळणा कोणीच उचलला नाही. त्याने जिना धरला.

मी त्याच्या पुढे धावत खाली गेलो. महिपत घोटाभर पाण्यात स्टुलावर बसला होता. त्याचा हात पंपाच्या बटणापासून वीतभर होता.

"महिपत, बंद कर."

"निरोप न्हाई आला, साहेब. चौथ्या मजल्यावरनं उतरून यायला पायजे."

"अरे, चौथा मजला मीच आहे."

"बल्ब कुटंय?"

तेवढ्यात सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून, अर्ज अर्धवट टाकून, एकोणीस वर्षांचा आवाज आला.

"महिपत, बंद कर."

महिपतचा हात त्याला न विचारता पुढे गेला. पंप थांबला. आपल्याकडून काय झालं हे लक्षात येताच महिपत उभा राहिला आणि रडायलाच लागला.

सोमवारच्या सभेत सगळं शिस्तीत झालं. पंप बंद करायचा निरोप अनधिकृत मार्गाने आलेला असल्यामुळे त्याची नोंद घेतली नाही. त्यामुळे कागदोपत्री पंप अजून चालू आहे. पंप चालू असून इमारत कोरडी आहे, म्हणजे पूर आलेला नाही. पूर आलेला नाही, म्हणजे रविवारी सकाळी काहीच झालेलं नाही.

"आणि बारसं?" निशिगंधाने विचारलं.

सामंतकाकांनी इतिवृत्त वाचून पाहिलं. "तेही रविवारी सकाळीच होतं ना?"

सभासदांच्या कुटुंबांच्या यादीत फ्लॅट ७०२ समोर, मुलीचं नाव या रकान्यात, 'निरंक' असं लिहिलेलं आहे. निशिगंधा मुलीला दिवसभर नावाने हाक मारते. हंसाबेन मारतात. तात्या चौथ्या मजल्यावरून मारतात. ते सुंदर नाव आहे. मला इथे लिहिता येत नाही, कारण मी तांत्रिक सदस्य आहे.

मात्र सामंतकाका दुष्ट नाहीत. त्यांनी एक वाट ठेवली आहे. यंत्रणा निर्दोष होती हे सिद्ध झालं, तर रविवारचा प्रकार वैयक्तिक चूक म्हणून नोंदवता येईल, आणि एकदा पूर नोंदवला की त्यासोबत बारसंही नोंदवता येईल. त्यासाठी फक्त एका माणसाने खोलीतून बाहेर पडताना बटण चालू ठेवल्याचा पुरावा हवा. आम्ही सातही मजल्यांवर शोधलं. पार डोंगरी गावापर्यंत माणूस पाठवला. तो परत आला आणि सोसायटीच्या ऑफिसचं बटण बंद करूनच घरी गेला.

सबब, वाचकांस विनंती करण्यात येते की, प्रस्तुत मजकूर वाचून होताच आपण बसलेल्या खोलीतून बाहेर पडावे, बाहेर पडताना भिंतीवरील बटण चालूच ठेवावे, अर्ध्या वाटेवरून परत येऊन ते बंद करू नये, घरातील अन्य कोणासही करू देऊ नये, आणि तसे केल्याचा दाखला दोन साक्षीदारांच्या सह्यांसह सात दिवसांच्या आत सेक्रेटरी, नवरत्न को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी, जेसल पार्क, भाईंदर पूर्व यांच्याकडे समक्ष सादर करावा, म्हणजे फ्लॅट क्रमांक ७०२ मधील मुलीस नाव लावून घेता येईल.