वाईट हंगामाची पाळी

वेळण्याच्या हौशी होडीमालक मंडळात दर वर्षीचा वाईट हंगाम एका सभासदाने आपल्या घरी ठेवायचा असतो, आणि त्या वर्षी पाळी जयवंत मयेकराची आली.

पद्धत जुनी आहे. मासेमारीवाल्यांचं वेगळं, त्यांना पोटासाठी बऱ्यावाईट दोन्ही हंगामांत जावं लागतं. हौशी माणसाला वाईट हंगाम झेपत नाही. म्हणून कोजागिरीला तो किनाऱ्यावरून हलवतात, कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत बाकीचे सतरा जण सपाट पाण्यात होड्या फिरवतात.

जयवंत शिंपी होता. सहा वर्षं खपून त्याने परसात फणसाच्या लाकडाची होडी बांधली होती. शीडसुद्धा दुकानातल्या मशीनवर शिवलं होतं. होडी पुरी झाली म्हणून तो सभासद झाला, आणि नवा सभासद म्हणून पाळी त्याच्या गळ्यात पडली.

"कुठे ठेवू?" नाटेकर गुरुजींनी दारात उभं राहून विचारलं. गुरुजी मंडळाचे सचिव. त्यांच्यामागे अंगणातली जास्वंद आडवी झाली होती.

"माजघरात चालेल?" जयवंत म्हणाला.

"चालेल. देवघराचं दार तेवढं लावून घ्या."

हंगाम आत गेला आणि माजघरात पाऊस सुरू झाला.

"हा खातो काय?" जयवंतची बायको सुलभा हिने विचारलं.

"काही नाही. कपडे मात्र वाळायचे नाहीत," गुरुजी म्हणाले. "आणि जयवंतराव, ज्याच्या घरी हंगाम, त्याने पाण्यात जायचं नसतं. तो मागोमाग येतो."

जयवंत चाचरत म्हणाला, "पण गुरुजी, माझी होडी नवी. पहिल्या वर्षात पाण्यात उतरली नाही तर ती मंडळाच्या वहीत लाकूड म्हणून लागते ना?"

"लागते. नियम आठवा."

"मग मी काय करायचं?"

"ते नियमात नाही," गुरुजी कळवळून म्हणाले, आणि छत्री मिटून गेले.

जयवंतने नियमांचं पुस्तक तीनदा वाचलं. दोन्ही नियम बरोबर होते. एकेकटा वाचला की पटायचा. दोन्ही एकदम वाचले की डोकं भणभणायचं. त्यात पानंही भिजत होती.

मार्गशीर्षात स्वयंपाकघरात दोनदा वीज पडली. सुलभा डोक्यावर इरलं घेऊन भाकऱ्या थापायची. बाहेर लख्ख ऊन असायचं. किनाऱ्यावर दातांचे डॉक्टर आगाशे भेटायचे. त्यांची होडी निळी, गादीची.

"काय मयेकर, घरी हवा कशी आहे?"

"नैऋत्येची आहे, डॉक्टर."

"जपा हो! आमच्याकडे पानसुद्धा हलत नाही."

ते खरंच होतं. गावातला सगळा वारा मयेकरांच्या माजघरात होता. बाकीच्यांची शिडं धुतलेल्या धोतरासारखी लोंबत होती. मंडळी वल्ही मारून दमत आणि मधेच थांबून कांदाभजी खात. यंदासारखा चांगला हंगाम झाला नाही, असं सगळे म्हणत.

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी जयवंत परसात होडीला टेकून उभा होता. मंडळाचं वर्ष त्या दिवशी संपत होतं; उद्यापासून ती लाकूड होणार होती.

"लाकूड म्हणून लागली की जाळायला चालते का?" सुलभाने विचारलं.

"चालत असेल."

"मग घेऊन जा तिला आत्ता. तो येतोय तर येऊ दे मागून. सहा वर्षं मी ठाकठोक ऐकली, ती काय सरपणासाठी?"

जयवंतने होडी पाण्यात ढकलली. हंगाम मागोमाग आला आणि डोलकाठीपाशी बसला. होडीत पाऊस कोसळू लागला. काठाच्या पलीकडे हातभरावर ऊन होतं आणि पाणी आरशासारखं स्वस्थ होतं. शीड एकदम फुगलं. जयवंत एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसत सुटला. आगाशांची होडी मागे पडली, गुरुजींची पडली, मग सगळ्यांचीच.

"मयेकर, हे नियमात बसतं का?" डॉक्टर ओरडले.

"ठाऊक नाही हो!" जयवंत ओरडला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. आपण आनंदात आहोत की बुडतोय, हेही त्याला नीट कळत नव्हतं.

खाडीच्या मुखापर्यंत जाऊन तो परतला, होडी किनाऱ्याला बांधली आणि घरी निघाला. हंगाम मात्र आला नाही. तो होडीतच राहिला. घरी सुलभा कोरड्या माजघरात उभी होती आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वही घेऊन आले.

"होडी उतरली, ते मी पाहिलं. पण हंगाम सभासदाच्या घरातच राहतो, दुसरीकडे राहत नाही. सध्या तो तिथे राहतोय. अर्थात ते घर आहे."

"होडी घर?"

"तशी नोंद केली."

"लाकूड नाही ना पण?"

"छे, छे. घर."

जयवंतला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच काहीतरी हातचं गेल्यासारखंही वाटलं. "म्हणजे मला होडी नाहीच," तो हळूच म्हणाला.

"आणि मग हे काय?" सुलभाने ओटीच्या खांबावर थाप मारून विचारलं.

गुरुजी चार पावलं मागे सरले. त्यांनी जोत्यापासून कौलांपर्यंत नीट पाहिलं. "यात पाणी किती दिवस होतं?"

"साडेसहा महिने."

"तुम्ही दोघं आत होतात? बुडाला नाहीत?"

"नाही."

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. "नाव काय लावायचं?"

जयवंतने सहा वर्षं मनात ठेवलेलं नाव सांगितलं. सुलभा लाजली. गुरुजींनी ते होड्यांच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि वही मिटली. "भरती चारला आहे. सांभाळून काढा, बाजूला पाटलांची विहीर आहे."

चारला पायरीला पाणी लागलं. घर जरासं हललं. सुकाणू कुठे असेल ते जयवंत अजून शोधत होता.

"इथे बसा," सुलभा ओटीच्या कडेला सरकून म्हणाली. "इथून पुढचं दिसतंय."