मोतीलालचा कठडा

जिन्याला कठडा बसवायचा होता. कुसुमताई सुताराला फोन लावत होत्या, तो नवऱ्याने, मोतीलालांनी, त्यांच्या हातातून काढूनच घेतला.

"सुतार कायले पायजे? जिंदगीभर माग चालवला मी. लाकूड मले नवीन हाय का?"

"न्हाणीतला नळ तुमीच दुरुस्त केला होता. तवापासून आंघोळीले छत्री घेऊन जा लागते!"

माग विकल्यापासून घरातली प्रत्येक धड वस्तू मोतीलालांना बिघडलेली दिसायची. हाताला चाळा म्हणून अवजारांची एक पेटी तेवढी उरली होती, आणि तिच्यात त्यांचा जीव होता. शेवटी ताईंनी अट घातली. जिन्याचा कठडा नीट बसला तर ठीक, नाहीतर पेटी त्यांच्या कपाटात, कुलपात, कायमची.

सागवानाचे कातीव दांडे आले. प्रत्येकाच्या एका टोकाला मडक्यासारखा गरगरीत फुगवटा, दुसरं टोक हडकुळं. मोतीलाल वरच्या पायरीवर पालथे पडले आणि खाली वाकून एकेक दांडा ठोकत उतरले. जन्मभर मागावर लुगड्याच्या काठाची नक्षी पालथी विणलेल्या माणसाला त्यात काही खटकलं नाही. अंगणात उभं राहून वर पाहिलं तेव्हा मात्र खटकलं. मडकी सगळी वर आणि हडकुळे पाय खाली!

"अवं मा! अजी, हे तं उलटे लावले!" ताई ओरडल्या.

नेमका त्याच वेळी ताईंचा धाकटा भाऊ बाबुलाल दारात हजर. त्याने शहापूरला नवं घर बांधलं होतं, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरात खोट काढत फिरणं हाच त्याचा उद्योग झाला होता.

"भाऊजी, हे उलटं नाही का?"

"उलटं?" मोतीलालांनी छाती पुढे काढली. "काय गा, नागपुरात जात नाही का तू? आता सगळे असेच लावून राहिले. हात टेकाले वरतं जाडच पायजे."

बाबुलालने मान डोलावली. मोबाइलवर समोरून आणि बाजूने फोटो काढून, घाईघाईने चार घास खाऊन तो निघून गेला.

भावासमोर ताईंनी नवऱ्याची थाप झाकून नेली, पण अट अट होती. पेटी कुलपात गेली. दुसऱ्या दिवशी सोमाजी सुताराने येऊन सगळे दांडे सुलटे केले. मोतीलाल ओसरीवर पाठ फिरवून बसले होते. ठोकण्याचा आवाज आला की ते कानांवर हात ठेवायचे.

महिन्याभराने बाबुलाल बायकोला, चंद्रकांताला, घेऊन जेवायला आला. जिन्याकडे पाहून तो खो खो हसत सुटला.

"हे काय भाऊजी! तुमचे तं उलटे लागले! मी आपले सगळे काढून नागपूरसारखे करून घेतले. आमच्या गल्लीत आता घरोघरी तसेच होऊन राहिले."

"ताई, असं काम जाणकार माणसाकडून करून घ्या लागते," चंद्रकांता मायेने म्हणाली.

ताईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या तडक आत गेल्या. कपाटाचं कुलूप वाजलं. बाहेर येऊन त्यांनी पेटी मोतीलालांच्या पुढ्यात आदळली.

"बसले काय अजी? पाहुण्यायचं जेवण होईपर्यंत दोन तरी उलटे करून दाखवा!"

मोतीलालांचे डोळे भरून आले. पेटी छातीशी धरून ते उठले आणि त्यांनी हळूच विचारलं, "अन् नळ?"

"नळाले हात लावाल तं पाहा!"