बंदुकीची पत्रावळ

दिगंबरकाका लग्नाच्या पंगतीत बसले, की शेजारची एक पत्रावळ रिकामी ठेवावी लागते. तिथं त्यांची बंदूक बसते. आजोबांपासूनची, ठासणीची, पीक राखायच्या परवान्यावरची. एकदा नवख्या वाढप्यानं तिच्यापुढंही बुंदी वाढली. काका म्हणाले, "तिले गोड चालत नाही."

चांदूर बाजारला मी त्यांचा शेजारी. इतिहास शिकवतो, ही माझी चूक. सकाळी दात घासताना काका कुंपणावरून सुरू होतात.

"सर, मुद्दा समजून घ्या! विलायतेत राजानं एका पंथाची हत्यारं काढून घेतली, सोताच्या पंथाले ठेवू देल्ली. लोकं भडकले, राजा पळाला. नव्या राजाकडून लेहून घेतलं, का बावा, आमाले हत्यार ठेवू देशीन. मंग अमेरिकेत गावोगावच्या शेतकऱ्याईनं पलटनी केल्या. राजा माजला तं त्याले भेव पाह्यजे ना!"

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडं सत्तावन्नचं बंड झालं अन् इंग्रज घाबरला. गोऱ्या साहेबाले परवाना माफ, आपल्याले सक्तीचा! हक्क म्हंजे घरची भाकर, परवाना म्हंजे पाहुनचार. कवा ताट उचलतीन, नेम नाही."

तोंडात फेस असल्यामुळे मला वाद घालता येत नाही.

ही बंदूक कधी उडाली, हे गावात कोणाला आठवत नाही. एकदा रानडुकरं हरभऱ्यात शिरली, तेव्हा काका दारू ठासायला गेले, तर नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. काका परत आले. "कब्जा झाला," म्हणाले. डुकरं हरभरा खाऊन सावकाश गेली.

निवडणूक लागली, की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. काकांना तो अपमान वाटे. सुमनकाकू बंदुकीला कुंकू लावून पाठवायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. मागच्या वर्षी काकू गेल्या. यंदा काका एकटेच निघाले. ठाण्यात ओरडले, "जमा करून नाही राहिलो, निषेध करून राहिलो!"

मग रोज दुपारी बंदुकीला तेल लावायला ठाण्यात जाऊ लागले. निकाल लागला, गुलाल धुतला गेला, सगळ्यांनी बंदुका नेल्या. काकांनी नेली नाही. शेवटी ठाण्यातल्या हवालदार वंदनाताईंनी मला फोन केला.

"सर, काकांले घेऊन या. साहेब चिडून राहिले."

मी काकांना स्कूटरवर घालून नेलं. वंदनाताईंनी बंदूक टेबलावर ठेवली. काका हात लावेनात.

"आज अवस हाये," म्हणाले.

"अवस परवा झाली, काका."

"मंग राहू द्या. सरकारच्या ताब्यात बरी हाये."

मी थक्क झालो. "काका, अहो, जन्मभर तुम्ही सांगत आलात, हत्यार माणसाच्या घरातच पाहिजे!"

"घरात कायले, सर? घरच्यासाठी ना?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पोरगं पुण्यात. तुमची काकू गेली. आता काय राखू? फ्रीज?"

काका पुढं म्हणाले, "इथं आलो का ह्या बाई पुसतात, काका, जेवले का? घरी भिंती पुसत नाहीत."

वंदनाताईंनी बंदूक उचलून माझ्या हातात दिली. काकांच्या हातात चहाचा कप दिला.

"बंदूक न्या, काका. नाही तं माह्यावर बालंट येईन. उद्या डब्यात भरीत आणतो, दोघाईचं. जेवाच्या वक्ताले या."

काकांनी चष्मा काढला आणि तेलाच्या फडक्यानंच पुसला. तो आणखीच धूसर झाला. तसाच डोळ्यांवर चढवून ते भिंतीकडे बघत बसले. चहा निवत चालला होता.

मग त्यांनी हळूच विचारलं, "भरतात कांद्याची पात घालता का?"