कवळी नव्हे, कोळी

सकाळी पावणेनऊला दाताच्या दवाखान्याचं शटर वर करून ताई वळल्या आणि तिसऱ्या पायरीवर त्यांना तो दिसला. काळाकुळकुळीत, जाड पायांचा, अंगठ्याच्या पेराएवढा. कोळीच, पण कोपऱ्यात जाळं विणून माशीची वाट बघणाऱ्यांपैकी नव्हे. जमिनीत बीळ खणून त्याला मातीचं झाकण बसवणाऱ्यांच्या घराण्यातला. ताई तीन वर्षं त्याच्या मागावर होत्या. दवाखान्यामागच्या मातीच्या उतारावर जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून, त्या रोज ती झाकणं शोधत फिरायच्या. आणि आज हा पठ्ठ्या आपल्या पायांनी, आठच्या आठ पायांनी, दारात हजर!

खरं तर हा छंद त्यांच्या मुलीचा. चौथीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी कोळी हवेत म्हणून तिने आईला झुडपांखाली रांगायला लावलं होतं. प्रकल्प संपला, मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी लांब निघून गेली. आई रांगतच राहिली. विंचू सापडला, नवा कोळी सापडला, की ताई मुलीला फोटो पाठवायच्या. तिकडून दोन दिवसांनी एक अंगठा यायचा. नवरा फोटो बघून "छान आहे" म्हणायचा, तेव्हा फोन उलटा धरलेला असायचा. कोळी आणि विंचू ओळखणाऱ्या हौशी मंडळींचा फोनवर एक गट होता. माणसं जाणकार, पण फोनमधून कोणाचा हात धरून "ते बघा, ते बघा" म्हणता येत नाही. ताईंचं मागणं फार मोठं नव्हतं. शेजारी कोणीतरी उकिडवं बसावं, एवढंच.

हाताशी होती ती कवळी ठेवायची निळी डबी. ताईंनी कोळ्याला अलगद आत घेतलं, झाकणाला टाचणीने भोकं पाडली, वर चिठ्ठी चिकटवली, 'कोळी, पायरीवरचा', आणि डबी काउंटरच्या खणात ठेवली. दुपारी निवांत फोटो काढून त्याला उतारावर सोडायचं ठरलं. फक्त, अकरा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढल्यामुळे ताईंचं अक्षरही डॉक्टरांसारखंच झालं होतं.

साडेदहाला डॉक्टरांनी एक अक्कलदाढ काढायला घेतली आणि ताईंना मदतीला आत बोलावलं. दाढ अडून बसली. तेवढ्यात बाहेर मास्तर आले. मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांची नवी कवळी हिरडीला घासत होती म्हणून ती गुळगुळीत करायला दिली होती. काउंटरवर तात्पुरते बसलेले कंपाउंडर चष्मा घरी विसरले होते. त्यांनी खण उघडला, डबी डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि 'क' आणि 'ळी' एवढं पक्कं वाचलं.

"ही घ्या मास्तर, तुमचं नाव काही दिसत नाही, पण कवळी लिहिलंय."

"घरी जाऊन घालतो," मास्तर म्हणाले. "इथे शगळ्यांशमोर लाज वाटते."

दाढ निघाली. ताई बाहेर आल्या, खण उघडला आणि आत उरलेली, तशीच निळी डबी उघडली. आतून अठ्ठावीस दात त्यांच्याकडे बघून हसत होते.

ताईंनी फोन लावला.

"मास्तर, डबी उघडू नका! त्यात कोळी आहे!"

"हो, हो, कवळीच आहे. वर लिहिलंय."

"कवळी नव्हे, कोळी! आठ पायांचा!"

"आठच? मी तर शगळे दात शांगितले होते."

"मास्तर, तो चावेल!"

"चावेल ना! त्याशाठीच तर केली!"

"अहो, तोंडात घालू नका हो!"

"मग कुठे घालू?" मास्तरांनी विचारलं आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर नुसतीच घंटी वाजत राहिली.

मागे डॉक्टर उभे होते. "ताई, आपल्याच दवाखान्याची कवळी तोंडात घालू नका, असं तुम्ही पेशंटला सांगताय?"

ताईंनी सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा कापसाच्या बोळ्यासारखा झाला. माणसाच्या जबड्याशी दोन हात करणाऱ्या या गृहस्थांना घरात झुरळ निघालं की पलंगावर चढून बसावं लागे.

"विषारी आहे?"

"छे हो. चावलाच तर थोडं दुखेल."

"थोडं दुखेल, हे वाक्य मी दिवसातून वीसदा बोलतो, ताई. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. चला, आणि मास्तरांना काही झालं असेल तर उद्यापासून कामावर येऊ नका!"

दोन गल्ल्या पलीकडे मास्तरांचं घर. दार नुसतं लोटलेलं. मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि समोर डबी उघडी होती. रिकामी.

डॉक्टर धावत गेले. "मास्तर, तोंड उघडा. आ करा!"

मास्तरांनी आ केलं. डॉक्टरांनी सवयीने आत सगळीकडे नजर फिरवली.

"आत कशाला शोधता? तो इथे आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी टेबलावरच्या पालथ्या काचेच्या वाडग्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या हातात नकाशे वाचायचं भिंग होतं. "फोन वाजत होता, पण हा चालत होता. नजर कशी हटवायची?"

डॉक्टरांनी खुर्ची जरा मागे सरकवून घेतली. ताई मात्र टेबलाशी वाकल्या, आणि मास्तरांनी, न विचारता, सरकून त्यांना जागा केली.

"हे बघा, पुढच्या पायांनी कशी चाचपणी करतोय," मास्तर म्हणाले.

"बघितलं," ताई म्हणाल्या. आणि त्या आणखी खाली वाकल्या.

"हा बाहेर कशाला निघाला?"

"नर आहे. सगळं आयुष्य एकाच बिळात काढतो, झाकण लावून. मग एक दिवस मादीच्या शोधात निघतो."

"शापडते?"

"कधी कधी."

"आणि नाही शापडली तर?"

"तरी परत जात नाही."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "आज चार वाजता शाळेत जुन्या शिक्षकांचा मेळावा आहे. शिवणाच्या बाई येणार आहेत. बारा वर्षांनी. म्हणून कवळीची घाई." आणि एकदम शाळेतल्या आवाजात, "कवळी आणलीत ना?"

ताईंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी ताईंकडे.

"मला वाटलं, तुम्ही घेतलीत!"

"मला वाटलं, तुम्ही!"

मग वाडगा, खाली पुठ्ठा आणि आत कोळी, असा ऐवज मांडीवर घेऊन मास्तर डॉक्टरांच्या गाडीत बसले. डॉक्टरांनी सगळा रस्ता एक खांदा दाराला चिकटवून गाडी चालवली. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "आधी कवळी." मास्तर म्हणाले, "आधी हा. याला माझ्यापेक्षा घाई आहे."

उतारावर ताईंनी वाडगा उचलला. कोळी क्षणभर थबकला आणि शेवाळावरून तुरुतुरु निघाला. मास्तर धोतर आवरून उकिडवे बसले. आयुष्यभर मुलांना नकाशावरच्या चढउतारांच्या रेषा शिकवलेला माणूस तो. दोन मिनिटांत त्यांनी शेवाळातल्या एका बारीक गोल रेषेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

ते झाकण होतं. तीन वर्षांत ताई त्यावर किती वेळा उभ्या राहून जेवल्या असतील, देव जाणे.

"शू! हललं!" मास्तर कुजबुजले.

ताईंना काही दिसलं नाही. कोळी एका पानाखाली गेला तो गेलाच. फोटो काढायचा राहिला, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा डॉक्टर आत मास्तरांना कवळी बसवत होते. पावणेचारला मास्तर गुडघ्यांना माती घेऊन मेळाव्याला गेले. संध्याकाळी ताईंनी गटावर लिहिलं, 'आज दिसला.' कोणीतरी विचारलं, 'फोटो?' ताईंनी फोन पालथा ठेवला. डॉक्टरांनी नोकरीचा विषय काढला नाही आणि ताईंनीही आठवण करून दिली नाही.

पुढे चार दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत ताई डबा घेऊन मागे गेल्या. उतारासमोर दवाखान्याच्या दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर मास्तर होते, स्वच्छ धोतरात. दुसरीवर पांढऱ्या केसांच्या एक बाई पुढे वाकून, भिंग डोळ्याला लावून बसल्या होत्या. ताई जवळ गेल्या तशा त्या बाईंनी मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हं, बाई. पाय वाजवू नका. आत कोणीतरी आहे."

हे झाकण दिवसा सहसा उघडत नाही, हे ताईंना माहीत होतं. तरी त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि दोघांच्या मधल्या जागेत त्या उकिडव्या बसल्या.