गावंडे सरांची किरमिजी ज्योत

एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी गावंडे सर बाटल्यांशी बोलायचे आणि मी दाराआड उभा राहून ऐकायचो.

"काहून गा मोरचूद, सुस्त पडून राहिला? उद्या पोरं येऊन राहिले!" मग परमँगनेटकडे वळून, "अन् तू वं, कोणाच्या शर्टावर सांडू नको. त्याची माय मले बोलते."

आमच्या नागपूरच्या शाळेत ते रसायनशास्त्राचे जुने सर. मी त्यांच्या हाताखाली नवा, तोही हंगामी. बारावीच्या प्रात्यक्षिकाची तयारी म्हणजे त्यांच्या घरचं लग्नच. अ‍ॅसिड म्हणजे रागीट जावई : "त्याले शेवटी आणा, हळू आणा." सगळं मांडून झालं की ते पडदे ओढत आणि तारेच्या टोकावर क्षार घेऊन ज्योतीत धरत. बेरियमची पोपटी, स्ट्रॉन्शियमची किरमिजी. "बोलू नको गा, पाहून घे." त्या अंधारात दुपार चालत नसे, तरंगत असे.

अशाच एका तरंगत्या दुपारी मी बाटल्या भरत होतो. दोन्ही भुकट्या पांढऱ्या. स्ट्रॉन्शियमच्या बाटलीत मी बेरियम ओतलं.

परीक्षेत किरमिजीच्या जागी पोपटी ज्योत आली. पोरांनी दिसलं ते लिहिलं, परीक्षकांनी बाटलीवरचं नाव पाहून चूक दिली. रडारड झाली, पालक आले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाटल्या कोणी भरल्या?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

गावंडे सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच, साहेब. रंग पाहता पाहता तंद्री लागली."

पोरांचे गुण पुढे दुरुस्त झाले. सरांकडून प्रयोगशाळा मात्र काढून घेतली. निवृत्तीपर्यंत ते नुसते फळ्यावर समीकरणं लिहीत राहिले. मी कायम झालो आणि प्रयोगशाळा माझ्याकडे आली.

परवा नंदनवन वस्तीत त्यांच्या घरी गेलो. एकटेच असतात. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी चहा ठेवला, साखर दोनदा घातली, आणि पाठमोरेच म्हणाले, "पोरगी काय करून राहिली गा तुही?"

"इंजिनिअरिंगला आहे, सर."

"वा! तेव्हा सूनबाईच्या पोटात होती न?"

तेव्हा म्हणजे केव्हा, हे त्यांनी सांगितलं नाही; मला मात्र त्या परीक्षेचं वर्ष आठवलं. गोडमिट्ट चहा पिऊन उठलो.

ती बाटली मी भरली होती. हे मला सरांना तोंडावर आणि शाळेत सगळ्यांसमोर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.