मानकऱ्यांचा नंबर

परशुराम राणे अप्पांच्या पडवीत पाटावर बसले, खेळाचा दांडा हातात घेतला आणि मिनिटभरात टीव्हीतलं त्यांचं विमान डोंगरावर आपटलं.

"बरो खेळलंस, परशुरामा," अप्पा म्हणाले.

"आज डोंगर जरा जवळ इलो," असं म्हणून परशुरामांनी दांडा पोस्टमन धोंडूच्या हाती दिला आणि सुपारी कातरायला घेतली.

हे रोजचंच होतं. अप्पांनी बोटीवरची नोकरी संपवून जामसंड्याला परतताना सिंगापूरहून एक काळा डबा आणला होता. तो टीव्हीला जोडला की पडद्यावर विमानं उडत. एरवी त्या टीव्हीवर चित्रांपेक्षा मुंग्याच जास्त दिसायच्या, त्यामुळे संध्याकाळी निम्मी वाडी अप्पांच्या पडवीत. परशुराम हे गावचे पहिले मानकरी. होळीचा पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा, तेव्हा डब्याचा पहिला डाव त्यांचा हे कुणाला सांगावं लागलं नाही. डब्याचा मोठा गुण असा, की बटण बंद केलं की तो सगळं विसरून जायचा. कोण कितीदा आपटला याची दुसऱ्या दिवशी खूणही उरत नसे. एवढा समजूतदारपणा माणसांतसुद्धा सापडत नाही.

अडचण एकच, अप्पांची बायको सुभद्रा. सात वाजले की ती बातम्यांसाठी डब्याची वायर उपटायची, मग कुणाचंही विमान आभाळात असो. "दुसरो टीवी आणा आणि मगे उडवा," असं ती शांतपणे सांगे. म्हणून त्या साली शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आला आणि त्याला स्वतःचा पडदा आहे असं कळलं, तेव्हा आठवड्याभरात पडवी ओस पडली. अप्पासुद्धा दार ओढून घेऊन शाळेत जाऊ लागले.

कॉम्प्युटर नीरजाबाईंच्या ताब्यात होता. त्या शाळेच्या शिक्षिका, नांदगावच्या, यंत्राचं महिनाभराचं शिक्षण घेऊन आलेल्या. यंत्रासोबत एक खेळही आला होता. वरून फळं पडत, ती खाली टोपलीत झेलायची. मोठ्या माणसांची भीती गेली तर ती पोरांना यंत्राला हात लावू देतील, या हिशेबाने बाई पाच ते सात गावकऱ्यांना खेळू देत.

पहिल्या दिवशी उंबरठ्यावर नारळ फुटला. गणपत गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बारा पाचाच्या म्हाराजा, ह्या यंत्राक कोणाची नजर लागू देव नको." सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं आणि परशुराम खुर्चीवर बसले. त्यांनी चाळीस फळं झेलली. मग यंत्राने अप्पांच्या डब्याने कधी केलं नव्हतं ते केलं.

"नाव विचारतंय," बाई म्हणाल्या.

"माझा नाव तेका म्हायत नाय?" परशुरामांना आश्चर्य वाटलं. मग शाळेत आहोत हे ध्यानात घेऊन ते शुद्ध बोलू लागले. "लिहा बाई. परशुराम राणे, गावकर, पहिले मानकरी."

"दहाच अक्षरं मावतात, काका."

मग नुसतंच परशुराम लिहिलं. पडद्यावर कोरी यादी उघडली आणि तिच्या पहिल्या ओळीत ते नाव चमकलं. परशुराम त्या दिवशी जरा लांबच्या वाटेने घरी गेले.

दुसऱ्या संध्याकाळी धोंडूने एकशे दहा फळं झेलली आणि यंत्राने धोंडूला वर नेऊन ठेवलं.

"बाई, क्रम चुकला."

"यंत्र आपोआप लावतं. फळं जास्त त्याचं नाव वर."

"आणि मान?"

"मान त्याला कळत नाही, काका."

शिवाय हे यंत्र विसरतही नव्हतं. बंद करा, चालू करा, यादी जशीच्या तशी. पंधरा दिवसांत सत्यवान शिंपी पहिला, धोंडू दुसरा, अप्पा चौथे, परशुराम नववे आणि अडतीस फळांवर गणपत गुरव दहावा अशी स्थिती आली. यादीत दहाच नावांना जागा होती. अकरावा आत आला की खालचा बाहेर.

शिमग्याच्या रविवारी देवाची पालखी शाळेच्या पटांगणात टेकणार होती आणि सगळा गाव यंत्र बघणार होता. बायका, पोरं, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे. यादीत नववा असलेल्या माणसाने पालखीला पहिला खांदा कुठल्या तोंडाने द्यायचा? ऐकणाऱ्याला हसू येईल, पण परशुरामांना जेवण गोड लागेना. बापजाद्यांचा मान आपल्या हातून जातोय याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

त्यांनी देवाला कौल लावला. उजवी पाकळी पडली. देवाची संमती घेऊन ते खेळायला बसले आणि पस्तीस झेलून उठले. यंत्राने नावसुद्धा विचारलं नाही. यादी पुसा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, पुसली तर सगळ्यांचीच जाईल, आणि धोंडूने आपला नंबर मुंबईला भावाला पत्राने कळवलाय. शेवटी त्यांनी सत्यवान शिंप्याला बाजूला घेतलं. "माझ्या नावान एक डाव खेळ."

सत्यवान भला माणूस. तो जीव ओतून खेळला, स्वतःचाच उच्चांक मोडला, आणि यंत्राने नाव विचारल्यावर रोजच्या सवयीने स्वतःचंच नाव टाकून मोकळा झाला. "हाताक वळण पडला, काका," तो खाली मान घालून म्हणाला. आता पहिला आणि दुसरा सत्यवान, आणि परशुराम दहावे. गणपत गुरव यादीबाहेर गेला, पण तो देवाचा माणूस, त्याने ते देवावर सोडलं.

परशुरामांनी ताटावर बसून हे सगळं नर्मदाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तिने भात वाढला आणि म्हणाली, "मी खेळतंय तुमच्या नावान."

"तुका काय येता?"

"दुपारची टीवीर बातम्यो नसतत. सुभद्रावैनी आणि मी अप्पांच्या डब्यार बसतांव."

"कधीपासून?"

"तुमी बसाक लागलात त्येच्या आदीपासून."

"आणि तो डोंगर?"

"डोंगराच्या फुडे गाव आसा. मगे समुद्र."

हे परशुरामांना नवीन होतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर बाईंनी खेळ लावून दिला आणि त्या जेवायला गेल्या. नर्मदा आत बसली. परशुराम व्हरांड्यात पहाऱ्याला, कारण मानकऱ्यांची बायको मानकऱ्यांसाठी खेळते हे बाहेर फुटलं असतं तर दहावा नंबर परवडला असता. आतून बराच वेळ टुकटुक येत राहिली. मग यंत्राने एक लांबलचक सूर काढला.

"अवो, नाव विचारता."

"घाल मां माझा."

परशुरामांनी दाराला कान लावला.

"घातलंस?"

"कसा घालू? मी तुमचा नाव घेतंय कधी?"

घोडं इथे अडलं. तीस वर्षांत नर्मदाने नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही उखाण्यात.

"तोंडान घेव नको. बोटान दाब."

"बोटान घेतला तरी नावच मां ता."

गावच्या रीती सांभाळण्यात ज्यांचा जन्म गेला त्या परशुरामांना ही रीत मोड म्हणवेना. ते स्वतःच आत जायला उठले, तेवढ्यात शाळेचं टपाल घेऊन धोंडू फाटकातून आला. परशुराम पुन्हा पायरीवर बसले आणि त्यांनी धोंडूच्या म्हशीपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांची खुशाली विचारली.

"आत कोण आसा?" धोंडूने विचारलं.

"झाडलोट चलली आसा."

धोंडू गेला तेव्हा नर्मदा पदराला हात पुसत बाहेर आली होती. "घातला," ती म्हणाली. "समाजणाऱ्याक समाजतला." तोवर बाई परतल्या आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

रविवारी पालखी टेकली. गाऱ्हाणं झालं. बाईंनी पडदा खिडकीकडे वळवला आणि यादी मोठ्याने वाचायला घेतली. "पहिला नंबर. एक हजार दोनशे साठ फळं. नाव..." त्या थांबल्या. "नाव 'आमचे हे'."

मग धोंडूची बायको शेजारणीला म्हणाली, "बघ गो, आमचे हे माका बोललेसुद्धा नाय."

"तुझे कित्याक? आमचे हे रोज खेळतत," सत्यवानाची बायको म्हणाली. बायकांची अख्खी रांग आपापल्या नवऱ्याकडे कौतुकाने बघू लागली. पुरुष जरा ताठ उभे राहिले. नाही मात्र एकानेही म्हटलं नाही.

बाई खाली वाचत गेल्या. दोन सत्यवान, धोंडू, अप्पा करत दहावं नाव आलं. परशुराम कुठेच नव्हते. वर एक जण आला तसा खालचा बाहेर पडला होता.

"परशुरामा, तुझा नाव खंय गेला?" अप्पांनी हळूच विचारलं.

परशुरामांनी नर्मदाकडे पाहिलं. ती हात जोडून पालखीकडे बघत होती.

गणपत गुरवाने पहिल्या नंबराचा नारळ फोडला. "आमचे ह्ये कोण ते फुडे येवा." सात-आठ हात पुढे झाले. मग रिवाज आठवून सगळेच मागे सरले. "आदी मानकरी," धोंडू म्हणाला. पहिली वाटी परशुरामांच्या हातात पडली. ती हक्काची होती आणि तरी घेताना त्यांना चोरट्यासारखं वाटलं. घरी येऊन त्यांनी ती नर्मदापुढे ठेवली.

सोमवारी संध्याकाळी ते अप्पांच्या पडवीत आले. अप्पांनी डब्यावरची धूळ पुसली. विमान डोंगरावर आपटलं. अप्पा म्हणाले, "बरो खेळलंस," आणि बटण बंद केलं.

जेवताना परशुरामांनी विषय काढला. "डोंगराच्या फुडे कसा जातत गो?"

"दांडो ओढू नका. जरा सैल सोडा."

त्यांनी मान हलवली. मग ताटाकडे बघत म्हणाले, "फुडल्या खेपेक नाव माझाच घाल."

"घालतंय," नर्मदा म्हणाली. "बाईंका सांगून ठेवा, उखाण्याक जागा करा."