तीन कट्ट्यांचा माणूस, वीस इंची चाक

तुमसरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा आहे. तो बुजवायला माणसं आली, तेव्हा सायकल दुरुस्त करणारे देवाजी स्टूल घेऊन खड्ड्यातच बसले. "माझं मशीन आहे हे. बुजवाल तं याद राखा."

देवाजी माणसाचं वजन धानाच्या कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, मोजतात. एक कट्टा चाळीस किलोचा. गिऱ्हाईक जितक्या कट्ट्यांचं, तितके कट्टे लादून ते त्याची सायकल खड्ड्यातून काढतात. टिकली तर पास.

मी तीन कट्टे. डॉक्टरांनी साखरेसाठी सायकल सांगितली, म्हणून नागपूरहून लहान चाकांची, घडीची सायकल आणली. हवा भरायला गेलो तर देवाजींनी पंपच उगारला.

"हे काय होय? बाबागाडी?"

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. छापलेल्या अक्षराचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणून त्यावर विश्वासही फार. म्हणालो, "देवाजी, लहान चाकाचे आरे आखूड असतात. वजन जास्त पेलतात. मी वाचलंय."

"चाक पेलंल. पण गड्डा तं तेवढाच आहे न, मास्तर? मोठं चाक वरून जाते, लहान आत जाऊन बसते. एवढं कायले शिकले तुम्ही?"

मी चिडून म्हणालो, "लादा कट्टे."

चाक खरंच मोडलं नाही. ते खड्ड्यात अडकलं आणि सायकलची बिजागरी वाकली. समोरचा चहावाला ओरडला, "मास्तर, बरं झालं, तुम्ही वरते नव्हते." सगळे हसले. मीही कसनुसा हसलो. "राहू द्या, देवाजी. सायकल आमच्यासारख्यांसाठी नाहीच."

देवाजी पाना घेऊन चहावाल्यावर धावले. "कायले हासून राहिला बे? चूक सायकलीची आहे, माणसाची नाही."

मग मला आत नेलं. भिंतीशी अठ्ठावीस इंची लेडीज सायकल होती. पुढच्या चाकालाही एरवीच्या बत्तीसऐवजी मागच्यासारखे चाळीस आरे, देवाजींनी स्वतः विणलेले. टायरला मातीचा कण नव्हता.

"पोरीसाठी बनवली. पोरगीही तीन कट्ट्यांचीच. कालेजच्या रस्त्यावर लहान चाक गड्ड्यात बसलं, पडली. लोकं उचलायच्या आधी हासले. दोन वर्सं झाले, घराबाहेर नाही निघाली."

त्यांनी कोपऱ्यातली स्वतःची उंच, काळी सायकल माझ्या हाती दिली.

"शाळेत जाताना आमच्या घरावरून जात जा. हळू. पोरगी खिडकीत बसते. तुम्हाले पाहून..."

ते वाकून टायर दाबत राहिले.

"अन् पडू नका, सांगून ठेवतो."